पायलीपासून पासबुकापर्यंत

आखाजी जवळ आली की खानदेशातल्या गावांत सालदारांची बोली सुरू व्हायची. मालकाच्या ओट्यावर बसून पुढच्या वर्षाचं ठरायचं. रोख किती, उचल किती आणि धान्य किती. आता बहुतेक ठिकाणी सालदारकीचा आकडा रुपयांतच बोलला जातो. पण घरातल्या एखाद्या जुन्या माणसाला विचारून बघा. पैशाच्या आकड्यावर सालदार थोडा मागेपुढे व्हायचा, ज्वारीच्या पोत्यांवर मात्र अडून बसायचा.

शहरात शिकून आलेल्याला हे विचित्र वाटू शकतं. हातात पैसे आले तर माणूस ज्वारी घेईल, तांदूळ घेईल, मुलाची फी भरेल. धान्य घेतलं तर फक्त धान्यच मिळतं. मग रोख सोडून धान्य का मागायचं? सालदाराचा हिशेब साधा होता. आखाजीला ज्वारीचा भाव एक असतो आणि श्रावणात दुसरा. वर्षाचं धान्य ठरलं तर भाव चढल्याचा भार मालकावर पडतो. रोख ठरली तर तो भार सालदाराच्या चुलीवर येतो.

गेल्या पंधरा वर्षांत सरकार आणि नागरिक यांच्यातली बोलीही अशीच वस्तूकडून रोखीकडे सरकली. स्वस्त सिलिंडरऐवजी खात्यात अनुदान, वसतिगृहातल्या जेवणाऐवजी खात्यात भत्ता, काही जिल्ह्यांत रेशनच्या धान्याऐवजी माणशी रक्कम. (‘लाडकी बहीण’ कुठल्या जुन्या सवलतीची जागा घेऊन आलेली नाही, म्हणून ती या लेखाबाहेर ठेवू.) या बदलाबद्दल बोलताना गळती किती थांबली हे हमखास विचारलं जातं. सालदाराचा प्रश्न मात्र मागे पडतो: भाव वाढला तर भार कुणाचा? खानदेशात हा प्रश्न जुना आहे. त्याला वेगवेगळ्या काळात वेगवेगळी उत्तरं दिली गेली आहेत.

दुष्काळी कामावरचा आणा

१८९९-१९०० च्या दुष्काळाने गुजरातबरोबर खानदेशालाही झोडपलं. विक्रम संवत १९५६ म्हणून गुजरात-राजस्थानात तो ‘छप्पनिया’ या नावाने लक्षात राहिला. तेव्हा खानदेश हा एकच मोठा जिल्हा होता. १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्व म्हणजे आजचा जळगाव, पश्चिम म्हणजे धुळे आणि पुढे १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार.

इंग्रज सरकारकडे तोवर दुष्काळासाठी लेखी नियमावली आली होती. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर प्रांतोप्रांती ‘फॅमिन कोड’ तयार झाले होते. खडी फोडणं, तलाव खोदणं, रस्ते बांधणं अशी कामं काढायची आणि मजुरी द्यायची, ही त्यांतली मुख्य पद्धत. मजुरी रोख मिळायची, पण तिचा हिशेब धान्यात मांडलेला असायचा. एका माणसाला दिवसाला किती धान्य लागेल ते आधी ठरवायचं आणि त्या भागातल्या मुख्य धान्याचा चालू भाव पाहून तेवढ्या धान्याचे पैसे द्यायचे. ज्वारी महागली की मजुरीचा दर वर जायचा, स्वस्त झाली की खाली यायचा.

या व्यवस्थेचं कौतुक करण्याचं कारण नाही. धान्याचं मोजमापच इतकं तुटपुंजं होतं की माणूस जेमतेम जगावा. नेमून दिलेलं काम पुरं झालं नाही तर त्यातूनही कपात होई. मुंबई इलाख्यातल्या या कपातीवर नंतरच्या दुष्काळ आयोगानेही बोट ठेवलं. तरीही एक गोष्ट नोंदवायला हवी. रयतेला कमीत कमी द्यायचं असं ठरवून बसलेल्या परक्या सरकारलाही, रोख द्यायची तर ती धान्याच्या भावाला बांधावी लागते, हे कळलेलं होतं.

मिलो, सुकडी आणि हजेरीपट

१९७२ चा दुष्काळ आपल्या आजी-आजोबांच्या बोलण्यात अजून आहे. त्या आठवणीत दोन शब्द हमखास येतात: मिलो आणि सुकडी. मिलो म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी. सुकडी म्हणजे दुष्काळी कामावर वाटला जाणारा पौष्टिक खाऊ.

तेव्हाही मदतीचा कणा रोख मजुरीच होता. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रभर सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन यांनी या दुष्काळाचा अभ्यास करून दाखवलं, की राज्यात धान्याची प्रचंड तूट असूनही मोठ्या प्रमाणावर भूकबळी टळले, याचं मोठं श्रेय या रोख मजुरीला आहे. गरिबाच्या हातात पैसा आला आणि त्या पैशामागे धान्य चालत आलं. काही रेशन दुकानातून आलं, काही व्यापाऱ्यांनी आणलं, काही राज्याची बंदी चुकवून सीमेपलीकडून आलं.

म्हणजे रोख मदत काम करते, याचा एक भक्कम पुरावा आपल्याच राज्यात आहे. रोखीला सरसकट नावं ठेवणाऱ्यांनी तो विसरू नये. पण त्या रोखीच्या बाजूला मिलो होती, सुकडी होती, रेशनचं दुकान होतं. आणि काम मागण्याची सोय होती. याच अनुभवातून पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा आला. काम नाही मिळालं तर कुठे जायचं, कुणाला घेराव घालायचा, हे माणसाला माहीत होतं.

कापसाचा काटा

त्याच १९७२ साली खानदेशाच्या मुख्य पिकाशी सरकारने वेगळा व्यवहार सुरू केला. कापूस एकाधिकार खरेदी योजना. राज्यातला सगळा कापूस सरकारच घेणार आणि हमी दर देणार. वर्षअखेरीस नफा झाला तर बोनसही.

या योजनेचे किस्से जळगाव-धुळ्याच्या घराघरात आहेत. केंद्राबाहेर बैलगाड्यांच्या रांगा, प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरची मनमानी, महिनोन्‌महिने न मिळणारे चुकारे. मध्य प्रदेश आणि गुजरातची हद्द जवळ असल्याने, तिकडे भाव चढला की कापूस रात्रीतून सीमा ओलांडायचा. शेतकरी संघटनेने या सक्तीविरुद्ध आवाज उठवला, तो विनाकारण नव्हता. तोटा वाढत गेला आणि २००२ नंतर खाजगी व्यापाऱ्यांना दार उघडून एकाधिकार संपला.

आता २०२४ कडे या. २०२३ च्या खरिपात केंद्राचा हमीभाव मध्यम धाग्याच्या कापसाला ६,६२० आणि लांब धाग्याच्या कापसाला ७,०२० रुपये क्विंटल होता. बाजाराने निराशा केली. मग राज्य सरकारने कापूस आणि सोयाबीन उत्पादकांना हेक्टरी ५,००० रुपये, जास्तीत जास्त दोन हेक्टरपर्यंत, थेट खात्यात देण्याचं ठरवलं. सप्टेंबर २०२४ अखेरपासून पैसे जमा व्हायला लागले. रांग नाही, ग्रेडर नाही, चुकाऱ्यासाठी हेलपाटे नाहीत. ही सुधारणा खरी आहे.

पण आकडेमोड करून बघू. समजा एका हेक्टरात दहा क्विंटल कापूस निघाला आणि क्विंटलमागे ५०० रुपये कमी मिळाले. तूट ५,००० ची, मदत ५,००० ची. हिशेब जुळला. भाव १,००० ने पडला असता तर तूट १०,००० ची झाली असती आणि मदत तेवढीच राहिली असती. जुन्या योजनेत, तिच्या सगळ्या दोषांसकट, भाव पडल्याचा तोटा सरकारच्या वहीत लिहिला जात होता. नव्या पद्धतीत सरकारचा खर्च आधीच ठरलेला असतो आणि उरलेला तोटा शेतकऱ्याच्या वहीत जातो. शिवाय ही मदत सातबारा आणि ई-पीक पाहणीच्या नोंदीवर चालते. बटाईने शेत कसणाऱ्याचं नाव त्या नोंदीत नसेल, तर कापूस त्याचा आणि मदत मालकाची.

टेंभली

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातलं टेंभली हे गाव देशाच्या नकाशावर आलं. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातलं पहिलं आधार कार्ड इथल्या एका आदिवासी महिलेला देण्यात आलं. रोख हस्तांतरणाच्या नव्या युगाची सुरुवात जुन्या पश्चिम खानदेशात झाली, असं म्हणता येईल. १ जानेवारी २०१३ पासून देशातल्या काही जिल्ह्यांत ‘थेट लाभ हस्तांतरण’ सुरू झालं.

या कल्पनेमागचं दुखणं खोटं नव्हतं. बोगस रेशनकार्ड, ओलं-किडकं धान्य, वाटेत गायब होणारा रॉकेलचा टँकर हे सगळ्यांनी पाहिलेलं होतं. महाराष्ट्राच्या आदिवासी विकास विभागातल्या २००४ ते २००९ या काळातल्या वस्तूखरेदीची चौकशी करायला निवृत्त न्यायमूर्ती एम. जी. गायकवाड यांची समिती नेमावी लागली होती. वस्तू विकत घेऊन वाटायची म्हटलं की निविदा येते, निविदा आली की ठेकेदार येतो. थेट खात्यात पैसे टाकले की मधली साखळी तुटते. राज्याने २०१६ च्या शेवटी वस्तूंऐवजी रोख देण्याचं धोरण स्वीकारलं, त्याला ही पार्श्वभूमी होती.

सिलिंडरचं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या घरातलं आहे. ‘पहल’ योजना जानेवारी २०१५ पासून देशभर लागू झाली. सिलिंडर बाजारभावाने घ्यायचा आणि सवलतीचा फरक खात्यात यायचा. दुबार आणि बनावट जोडण्या गळाल्या, पण बचतीचे दावे त्याहून मोठे होते. कॅगने २०१६ मध्ये हिशेब तपासला, तेव्हा अनुदानात झालेल्या कपातीतला नव्वद टक्क्यांहून जास्त वाटा गॅसच्या उतरलेल्या किमतींचा निघाला.

पुढे २०२० च्या उन्हाळ्यात गॅसचे दर आणखी खाली आले आणि अनुदान शून्यावर गेलं. नंतर दर चढले. मे २०२२ मध्ये सिलिंडर हजाराच्या वर गेला. खात्यातला शून्य मात्र शून्यच राहिला. त्याच महिन्यात फक्त उज्ज्वलाच्या लाभार्थींना सिलिंडरमागे २०० रुपये जाहीर झाले. बाकीच्यांचं अनुदान कधी बंद झालं ती तारीख किती जणांना सांगता येईल? पूर्वी सिलिंडर पन्नास रुपयांनी महागला की चौकात मोर्चा निघायचा, कारण वाढ करणारा सरकारी निर्णय समोर असायचा. न आलेल्या रकमेविरुद्ध मोर्चा काढणं अवघड असतं.

वसतिगृहाची चूल

चोपडा, यावल, शिरपूर, साक्री इथली आदिवासी मुलं शिकायला जळगाव, धुळे, नाशिक, पुण्याला येतात आणि शासकीय वसतिगृहात राहतात. एप्रिल २०१८ मध्ये आदिवासी विकास विभागाने शहरांतल्या वसतिगृहांची खानावळ बंद करून जेवणाचे पैसे विद्यार्थ्यांच्या खात्यात द्यायचं ठरवलं. विभागीय शहरांत महिन्याला ३,५०० रुपये, जिल्ह्याच्या ठिकाणी ३,०००.

ठेकेदाराच्या जेवणाबद्दल मुलांच्या तक्रारी होत्याच. पाण्यासारखी डाळ कुणाला आवडते? तरीही जुलै २०१८ मध्ये शेकडो विद्यार्थी पुण्याहून नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तालयाकडे पायी निघाले. पावसात, घाट चढून. नाशिक जिल्ह्याच्या हद्दीत पोलिसांनी त्यांना अडवलं. वाईट जेवणाला कंटाळलेली मुलं खानावळ परत मागायला का निघाली, हे समजून घेण्यासारखं आहे. पैसे वेळेवर आले नाहीत तर त्या महिन्यात खायचं काय? मुलींनी रात्री जेवायला बाहेर कुठे जायचं? घरून फोन आला की बाप आजारी आहे, तर खात्यातले तीन हजार जेवणासाठी राहतील का? खानावळीत डाळ महागली तर ते विभागाचं दुखणं होतं. बाहेरची मेस महागली तर ते विद्यार्थ्याचं.

वस्तू दिली की सगळं सुरळीत होतं असंही नाही. खावटी योजनेचंच बघा. पावसाळ्यात हाताला काम नसतं तेव्हा आदिवासी कुटुंबांना तगवण्यासाठी १९७८ पासून खावटी कर्ज दिलं जायचं. मध्ये बंद पडलेली ही मदत कोविडच्या टाळेबंदीनंतर, सप्टेंबर २०२० मध्ये, अनुदान म्हणून पुन्हा जाहीर झाली. राज्यातल्या ११ लाख ५५ हजार कुटुंबांना प्रत्येकी ४,००० रुपये: अर्धे खात्यात, अर्ध्याचा किराणा. २०२० च्या टाळेबंदीसाठी ठरलेला किराणा घरी पोचेपर्यंत २०२१ उजाडलं. उपाशी माणसासाठी उशिरा आलेलं पोतं आणि उशिरा आलेला पैसा सारखेच.

मलकापूरच्या अलीकडे-पलीकडे

जळगाव जिल्हा ओलांडून नागपूरकडे निघालं की मलकापूर लागतं आणि बुलडाणा जिल्हा सुरू होतो. बुलडाण्यासह विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत केशरी कार्डवाल्या शेतकरी कुटुंबांना २०१५ पासून माणशी पाच किलो धान्य मिळत होतं, गहू दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये किलोने. २०२२ मध्ये केंद्राकडून या योजनेला धान्य मिळणं थांबलं. मग २०२३ पासून धान्याच्या जागी माणशी महिना १५० रुपये आले, कुटुंबातल्या महिलेच्या खात्यात. (जळगाव आणि धुळे त्या १४ जिल्ह्यांत नव्हते. इथल्या केशरी कार्डवाल्या कापूस उत्पादकाला ते धान्यही नव्हतं आणि हे पैसेही नाहीत.)

१५० भागिले पाच, म्हणजे किलोला तीस रुपये. त्या तिसांत त्या वर्षी बाजारात कुठला गहू आणि कुठला तांदूळ मिळत होता, हे घरात किराणा आणणाऱ्याला विचारा. २०२४ मध्ये रक्कम १७० झाली. ही वाढ मिळाली ती नवा शासन निर्णय निघाला म्हणून. पाच किलो धान्याला असा निर्णय लागत नव्हता. बाजारात गहू वीस झाला काय आणि चाळीस झाला काय, पिशवीत पाच किलोच यायचं.

भावावर आणखी एक परिणाम होतो. मेक्सिकोत सरकारने काही गावांना धान्याची पाकिटं दिली आणि काही गावांना तेवढ्याच किमतीची रोख. अर्थतज्ज्ञांनी मोजलं तेव्हा दिसलं, की पाकिटं आलेल्या गावांत खाद्यवस्तूंचे भाव उतरले आणि रोख आलेल्या गावांत ते किंचित चढले. आडबाजूच्या गावांत हा फरक जास्त होता. सातपुड्यातल्या एखाद्या पाड्याचा विचार करा, जिथे किराण्याची दोनच दुकानं आहेत. रेशनचं धान्य येतं तेव्हा त्या दुकानदारालाही भाव दाबून ठेवावा लागतो, आणि त्याचा फायदा रेशनकार्ड नसलेल्यालाही होतो. रेशन बंद होऊन सगळ्यांच्या खात्यात पैसे आले, तर ते कुठे खर्च होणार हे दुकानदाराला माहीत असतं.

म्हणूनच जागेप्रमाणे उत्तर बदलतं. चंदीगड आणि पुद्दुचेरीत सप्टेंबर २०१५ पासून रेशनऐवजी रोख सुरू झाली. सुरुवातीचा गोंधळ सरल्यावर तिथे रोख पसंत करणारे वाढत गेले. जवळ बाजार, जवळ बँक. उलट झारखंडच्या नगडी तालुक्यात २०१७ मध्ये लोकांना आधी किलोला सुमारे बत्तीस रुपये मोजून तांदूळ घ्यायला लावला आणि फरक खात्यात देऊ केला. बँक, ग्राहक सेवा केंद्र, रेशन दुकान अशा फेऱ्यांत मजुरीचे दिवस बुडाले. लोकांचा विरोध इतका झाला की ऑगस्ट २०१८ मध्ये सरकारला प्रयोग मागे घ्यावा लागला. जळगाव शहर चंदीगडच्या जवळ जातं, धडगाव नगडीच्या.

आकड्याखालची तारीख

रोख देऊ नये, असा या सगळ्याचा अर्थ नाही. १९७३ ची ती ५० लाख माणसं रोखीवर तगली. बाईच्या स्वतःच्या खात्यात येणाऱ्या पैशाला घरात जे वजन असतं ते गव्हाच्या पिशवीला नसतं. पण वस्तूच्या जागी रोख घ्यायची असेल तर बोली सालदारासारखी करायला हवी. ती वस्तू आज जिथे राहतो तिथल्या बाजारात कितीला मिळते, त्यावर रक्कम ठरावी आणि भावाबरोबर ती आपोआप हलावी. सरकारला हे जमत नाही असं नाही. कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा ठरतो. रोजगार हमीची मजुरी शेतमजुरांच्या महागाई निर्देशांकाला जोडली गेली. याउलट साठ ते एकोणऐंशी वयाच्या गरीब वृद्धांच्या पेन्शनमधला केंद्राचा वाटा २००६ मध्ये महिन्याला २०० रुपये ठरला, तो वर्षानुवर्षं २०० च राहिला. पीएम-किसान २०१९ मध्ये वर्षाला ६,००० रुपयांनी सुरू झाली आणि २०२५ मध्येही केंद्राचे ६,००० च होते. या रकमा कुणी कमी केल्या नाहीत. त्या नुसत्या जागेवर उभ्या राहिल्या आणि बाजार पुढे निघून गेला.

घरातल्या कुणाच्या फोनवर ‘जमा’चा मेसेज आला की ती रक्कम कोणत्या साली ठरली तेवढं शोधून बघा. मग त्या साली ज्वारी काय भाव होती आणि आज काय भाव आहे, हे शेजारच्या किराणा दुकानात विचारा. सालदार दर आखाजीला हा हिशेब तोंडी करायचा, आणि तो केल्याशिवाय पुढच्या वर्षाला हो म्हणत नसे.